बुरुजातला झाकलेला उंबरठा

आधीच सांगून ठेवते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे... घरात कुरकुर आवाज आला तर मी लाकूड तपासते, रामरक्षा म्हणत बसत नाही. पण मागच्या ऑक्टोबरमध्ये भर दुपारी जे पाहिलं, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

मी अमेरिकेत नेपरव्हिलला राहते. तिथून तासाभरावर, नदीकाठच्या एका छोट्या गावात वसंतकाका आणि सुलभाकाकू राहतात. काका रिटायर्ड डॉक्टर, माझ्या बाबांचे नागपूरचे मित्र. त्यांचं घर म्हणजे स्कॉटिश धाटणीचा जुना दगडी व्हिला! छपराच्या दोन्ही टोकांना पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणाऱ्या त्रिकोणी भिंती, अरुंद खिडक्या, आणि वरच्या मजल्याच्या कोपऱ्यातून बाहेर आलेला गोल बुरूज. खाली खांब नाही, काही नाही. आणि प्रत्येक दाराला दगडी उंबरठा. "अमेरिकेत उंबरठ्याचं घर मिळालं, मग मी दुसरं बघितलंच नाही," असं काकू अजूनही कौतुकाने सांगतात. त्यांचं देवघर त्या बुरुजातच आहे.

त्या बुरुजाला तडा गेला. गावाच्या बांधकाम ऑफिसने सरळ सांगितलं — याचं वजन कशावर आहे ते दाखवा, नाहीतर उतरवा. काकूंचं जेवणावरून मन उडालं, आणि काकांनी मला बोलावून घेतलं.

मी मोजमाप घेतलं. बुरुजाची आतली भिंत गरजेपेक्षा फारच जाड होती. दोन ठिकाणी ड्रिल केलं, दोन्हीकडे नुसता दगड. मी डोकं खाजवत उभी होते, तेवढ्यात काकूंनी भिंतीवर बोट ठेवलं.

"इथे बघ. इथे दार होतं."

"झालं सुरू!" काका हसले. "अगं, इतकी वर्षं हेच ऐकतोय मी."

"वास्तुशांतीला मी घरातल्या सगळ्या उंबरठ्यांना हळदीकुंकू लावलं. इथल्याही. सकाळी उठून बघते तर भिंत!"

"उपास होता तुझा त्या दिवशी. चक्कर आली असणार, दुसरं काय?"

खरं सांगते, मीही हसले. पण दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून गवंड्याला तिथेच प्लास्टर काढायला लावलं. आत विटा निघाल्या, जुन्या, चुन्यात बसवलेल्या. असं काम काका-काकूंच्या जन्माआधीच बंद झालेलं! वरच्या विटा काढून टॉर्च मारला, आणि मी अक्षरशः किंचाळले. आत गोल दगडी जिना होता, वर आणि खाली दोन्हीकडून बंद केलेला. त्याच्या पायऱ्यांचे लांब दगड भिंतीतून आरपार बाहेर गेले होते. बुरूज त्यांच्याच टोकांवर बसला होता, आणि आतली टोकं जिन्याच्या वजनाने दाबून धरलेली होती. कसलं डोकं लावलंय यार!

"काकू, वाचला तुमचा बुरूज!"

काकांनी आनंदाने गवंड्यालाच मिठी मारली. काकूंचं मात्र आमच्याकडे लक्ष नव्हतं. सगळ्यात खालची वीट निघाली होती आणि तिच्याखाली दगडी उंबरठा दिसत होता. काकू खाली बसल्या. विटेखालचा चुना त्यांनी नखाने खरवडला.

"अहो, इकडे या."

उंबरठ्यावर दोन ठिपके होते. एक पिवळा, एक लाल. बाजूला अक्षतांचे चार दाणे चुन्यात चिकटलेले.

मी ती जागा पुन्हा पुन्हा तपासली, कारण माझा धंदाच तो आहे. आम्ही काढेपर्यंत ती वीट कधीच हललेली नव्हती. काकूंनी खरवडेपर्यंत चुना अखंड होता, आणि ठिपके त्याच्या खाली होते. म्हणजे आधी हळदीकुंकू आणि नंतर भिंत... पण भिंत तर काकूंच्या आधीची! बुरूज आता पास झालाय, तडाही भरलाय. या दोन ठिपक्यांचा उलगडा मात्र तुमच्यापैकी कुणाला होत असेल तर जरूर सांगा.

त्या दुपारी काका खाली जाऊन हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आले आणि काकूंच्या शेजारी जमिनीवर बसले.

"मी इतकी वर्षं हसलो गं तुला," ते म्हणाले. "लाव परत. या वेळी मी बघतो."