एका ताटातला घोळाणा

जिवनबाई आत्या आमच्या ओट्यावर बसून मेथी खुडून राहिली होती. नुसती पानं घेत होती, देठ बाजूला टाकत होती. मी ईळी पुढं सरकवली तर म्हणली, "ईळी कशाला? बोटानं तोड. शाळा सोडलीस, बोटं तर न्हाई ना सोडलीस?"

दुसरं कुणी असं बोललं असतं तर मी तिथंच भांडले असते. आत्याचं मला लागत न्हाई.

आत्या म्हणजे माझ्या बापाची मोठी बहीण, बाप तिला बाई म्हणतो. पुसेगावच्या अलीकडं, आमच्या शेजारच्या तांड्यावर राहती. दिवाळी झाल्यावर मीच तिला बोलावून आणलं होतं. बापाची शुगर लई वाढली होती आन् पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. हिंगोलीच्या डॉक्टरनं साफ सांगितलं, गोळ्या बराबर घ्या, भाकर कमी करा, जेवणाआधी कच्ची भाजी खा, न्हाईतर अंगठा काढावा लागंल. हळदीच्या रानात अंगठ्याबिगर माणूस उभा कसा राहील?

आधी मी मोबाईलमधी बघून सलाद केलं होतं. पत्ताकोबी, काकडी, गाजर चिरून सकाळीच मीठ टाकून ठेवलं. दुपारपर्यंत सगळं पाण्यात पोहून राहिलं. बाप म्हणला, "बैलाला टाक. बैलबी विचार करंल."

आत्यानं घोळाणा केला. मेथी, कांद्याची पात, बारीक गाजर, मोड आलेली मटकी, शेंगदाण्याचं जाडंभरडं कूट, जरासं कच्चं तेल, लिंबू.

"मीठ ताट वाढल्यावर," ती म्हणली. "आधी टाकलं की भाजी रडती. आन् हलक्या हातानं घोळ, कणीक न्हाई मळायची."

बापानं ताट बघितलं. "बाई, पाला खायाला मी शेळी हाय का?"

"शेळी बरी. ती ऐकती तरी."

बाप हसला, पण हात लावंना. मग आत्या त्याच्यासमोर बसली आन् ताट मधी ओढलं. आमच्या घरात गडीमाणसं एका ताटात जेवतात, बाया मागून. आन् एका ताटात बसल्यावर एकानं घास घेतला की दुसऱ्यानं हात आखडायचा नसतो. आखडला तर सोबतच्याचा अपमान.

"अगं, तू काहून बसलीस?" बाप बावरला.

"तू थांबलास तर मीबी उपाशी उठंन. बघ वसराम, तुझी मर्जी."

मोठ्या बहिणीला ताटावरून उपाशी कोण उठवणार? बापानं घास घेतला. चावला. मग म्हणला, "मिरची टाकायची ना जरा."

तवापासून आत्या रोज दुपारी चालत येऊ लागली. घोळाणा संपल्याशिवाय ताटात भाकर येऊ देत नव्हती. मेथी संपली तर मुळा आला, मग काकडी, कच्चा कोबी, दह्यातला कांदा. बाप जेवायला बसला की ती त्याच्या बरोबरीनं घास घ्यायची. हात कधी मागं राह्यला न्हाई.

आमच्या तांड्यावरचा भावसिंग एकदा म्हणला, "म्हातारी भावाच्या ताटात हात घालती."

मी म्हणले, "तुमच्या ताटात घातला असता तर तुमीबी सुधरले असते."

गोळ्या चालू होत्या. पट्टी मी बदलत होते. हळूहळू जखम कोरडी पडली. डॉक्टरनं पाय दाबून बघितला आन् म्हणला, काढायची गरज न्हाई. बाप बाहेर येऊन बाकड्यावर बसला, चप्पल पायात घातली. मग म्हणला, "आधी बाईकडं जाऊ." यंदा हळद शिजवायला बाप सोता कढईजवळ उभा होता, दोन्ही पायांवर.

मी कुणाचे पाय धरत न्हाई. आत्याचे धरले. ती म्हणली, "ऊठ, भांडी पडलीत."

होळी झाल्यावर आत्याची सून रीताभाबी बाजारात भेटली. आत्याला दवाखान्यात नेऊन आणलं म्हणली, मागच्या दाढा काढल्या. मी विचारलं, तकलीफ कधीपासून होती?

"दिवाळीच्या आधीपासून," भाबी म्हणली. "घरी तर त्या दुधात कुस्करलेली भाकरच खात होत्या. कडक काही चावतच नव्हतं त्यान्ला."