कालव्याकडची भिंत

बारामतीत बेंदराच्या आधी बैलांची शिंगं आणि गाड्यांची चाकं रंगवून देणारा एक म्हातारा होता. तरुणपणी तो बोटीवर खलाशी होता. तेव्हा दक्षिण अमेरिकेतल्या एका बंदरात तो एकटाच दोन दिवस भटकला होता. बंदराचं नाव त्याला सांगता येत नसे. मी शाळामास्तर, म्हणून एकदा नकाशा नेला. त्यानं तो न्याहाळून परत दिला. “ह्यात रंग कुठं हायती?”

प्रत्येक वाक्यानंतर तो कुंचला झटकत असे. “मास्तर, तितं डोंगरभर घरं. येक निळं, येक पिवळं. बोटीचा उरलेला रंग भिंतींला देत्यात. दर्यावरनं मानसाला आपलं घर वळखाया यावं म्हनून.”

बेंदूर सरला की डब्यांत उरलेला रंग तोही घराला देई. पण फक्त मागच्या, कालव्याकडच्या भिंतीला. रस्त्याकडची भिंत मातीचीच राही.

शेवटी मी विचारलं, “चाचा, या कालव्यातून कुठली बोट येणार?”

“कुठली न्हाय,” कुंचला न झटकता तो म्हणाला. “थोरला ल्योक बोटीवर गेलाय, आठ वर्सं झाली. यील तवा मोटारीनंच यील. पर खलाशाची नजर आदी पान्याकडं जाती.”