मंडईच्या दिवसाची तारीख

लहान मुलांच्या हृदयाचा डॉक्टर म्हणून विद्यार्थ्यांकडून मी एक गोष्ट कायम घोकून घेतली: दिलेल्या तारखेला आईबाप का येत नाहीत ते आधी शोधा. मी स्वतः त्यावर संशोधन केलं. भीती, अंतर, धानाची कापणी अशी सगळी कारणं मांडली आणि परिषदेत टाळ्या घेतल्या. त्यात दंडार, ही इकडची नाचगाण्याची लोककला, कुठेच नव्हती.

ती मला गोंदियाजवळच्या दरेकशाच्या एका बापाने शिकवली. त्याच्या चार वर्षांच्या पोरीच्या हृदयात भोक होतं. मांडीतल्या शिरेतून नळी घालून ते बुजवायचं होतं. आणखी उशीर झाला असता तर फुप्फुसं बिघडली असती आणि मग कुणालाच काही करता आलं नसतं. हे काम करणारे बाहेरचे मोठे डॉक्टर दिवाळीनंतर एकच दिवस गोंदियात मिळणार होते. मी तारीख सांगितली.

"त्या दिवशी आमच्या गावची मंडई हाय जी," बाप म्हणाला. "मंडईच्या जत्रेत दंडार नाचतेत ना, तिच्यात बाई मीच बनतो."

"पोरीच्या हृदयाला भोक आहे आणि तुम्ही लुगडं नेसून नाचणार?" माझा पारा चढला.

"अख्खा गाव वाट पाहून राहते. एक दिवस सरकवा ना सायेब."

"ऑपरेशन थिएटर माझ्या सासऱ्याचं नाही!"

शेवटी पोरीची आई म्हणाली, "मी आनीन पोरीले. याले नाचू द्या."

ठरल्या दिवशी सकाळी पोर आईच्या कमरेला चिकटली ती सुटेना. गुंगीचं औषध तिने माझ्या कोटावर थुंकलं. 'मुलाचा विश्वास कसा मिळवावा' हे माझं गाजलेलं व्याख्यान, आणि ते ऐकलेले विद्यार्थी मागेच उभे. मी माकड झालो, मांजर झालो. ती आणखीच किंचाळली. पाहुणे डॉक्टर घड्याळ बघू लागले.

तेवढ्यात बाहेर घुंगरं वाजली. हिरवं लुगडं, काजळ, लाली, अंबाडा, आणि मागे धावणारा चौकीदार: "ओ मैडम, बिना पास के अंदर नहीं!"

"बाबा!" पोर ओरडली.

"दुपारच्या गाडीनं वापस जाचं हाय," बाप मला म्हणाला. "तिकडं सजाले टाईम नाही भेटत, म्हणून सजूनच आलो."

त्याने पदर खोचून दोन गिरक्या घेतल्या. पोर हसली आणि हसता हसता औषध प्यायली. विद्यार्थी मन लावून बघत होते, माझ्याकडे नव्हे.

भोक नीट बुजलं. सांगायला बाहेर आलो तर तो बाकावर बसलेला, काजळ हनुवटीपर्यंत ओघळलेलं. ऐकून त्याने पदराला नाक पुसलं.

"गाडी?" मी विचारलं.

"गेली जी."

"आणि मंडई?"

"होऊन राहिली असंन." तो उठला. "तिच्याजवळ थोडा नाचू का जी? पोरगी खुश होईन."

"खबरदार! ती पाय हलवेल आणि मांडीतून रक्त येईल. संध्याकाळपर्यंत पाय हलता कामा नये."

संध्याकाळी वॉर्डात गेलो. पोर शांत झोपली होती. तिच्या पायथ्याशी तो स्टुलावर कमरेत वाकून बसला होता, आपलेच दोन्ही घोटे मुठींत गच्च धरून.

"अहो, घुंगरं सोडून तरी ठेवायची," मी म्हणालो.

"सोडतानी वाजतेत जी," तो कुजबुजला.