बुधाजीची दिल्ली

बुधाजीनं दिल्ली कधी पाहिली नव्हती, पण दिल्लीत निर्णय कसे होतात ते मला कुणी शिकवू नये, असं तो छातीठोकपणे सांगायचा. हिवरखेडच्या अलीकडं आमचं गाव, आणि बुधाजी तिथला कोतवाल. सव्वीस वर्षं चावडीच्या दाराबाहेर बसला. आत पाटील, पंच, कधी तालुक्याचा साहेब. बाहेर हा, हाक आली की पळायला तयार. "मास्तर, आत बसते त्याले आपलंच आयकू येते," तो म्हणायचा, "भाईर बसते त्याले सगळ्यायचं."

मी गावातला शाळामास्तर, त्याच्याच वस्तीतला, आणि त्याच्या जलशात पेटी वाजवणारा. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर बुधाजीनं जलसा उभा केला. गण-गौळणीच्या जागी वंदना आली, वगात राजाराणीच्या जागी सावकार आणि पुढारी आले. तो बोलायचा, मी लिहायचो. एक रिवाजही त्यानं पाडला होता. वग संपला की तो पुढं येऊन म्हणायचा, "कोनाले काई इचाराचं असन तं इचारा." ज्याला विचारलं त्यानं सोंग न उतरवता उत्तर द्यायचं, आणि खरं द्यायचं. सावकार झालेल्याला लोक नको नको ते विचारत आणि पोट धरून हसत.

बासष्टच्या डिसेंबरात तार आली. इंग्रजीतली तार वाचायला मलाच बोलावलं. बुधाजीचा एकुलता एक श्रावण, वय वीस, चीनच्या सरहद्दीवर गेलेला. तो सापडत नाही, एवढंच तारेत होतं. मी कसंबसं मराठीत सांगितलं. त्याची आई जाईबाई शांतपणे म्हणाली, "सापडत नाई म्हंजे शोधून राह्यले." पुढच्या महिन्यात ती एस.टी.नं अचलपूरला गेली आणि श्रावणसाठी एक मुलगी पाहून आली. मुलीकडच्यांनी चहा दिला आणि काही बोलले नाहीत. माणसं चांगली म्हणायची.

बुधाजीला मात्र एकच हवं होतं. आपल्या पोराला त्या बर्फात कुणी धाडलं, त्या माणसाचं नाव. मी आकोटहून आठवड्याची वर्तमानपत्रं एकदम आणायचो आणि त्याला वाचून दाखवायचो. कापडी बूट, अपुरे कपडे, जुन्या बंदुका, बैठकीवर बैठक. नाव कुठंच सापडेना. मलाही त्या कागदांचा संताप यायला लागला. सगळं "ठरवण्यात आलं", "कळवण्यात आलं". ठरवणारा आणि कळवणारा कोण, ते देवाला ठाऊक.

मग त्यानं वग बांधला. मंत्री तो स्वतः. फौजेचा साहेब झाला खुशालराव, आमचा ढोलकीवाला. दिल्लीची बैठक त्यानं जाजमावर बसवली, शेजारी पिकदाणी ठेवली, दाराशी कोतवाल उभा केला. मी म्हटलं, "अरे बुधाजी, दिल्लीत जाजम नसते."

"मंग काय असते?"

मला तरी कुठं ठाऊक होतं. जाजम राहिलं. पण बैठक सुरू झाली आणि माझी टीका तोंडातच राहिली. मंत्री पान चघळत विचारतो, "तिथं थंडी किती?" साहेब आधी मंत्र्याच्या तोंडाकडं बघतो, थोडा थांबतो आणि म्हणतो, "आपन म्हनसान तेवढी, सायेब." हे मी चावडीत शंभरदा पाहिलं होतं, दुष्काळाची पाहणी असो की पटकीची साथ. अमुक एक माणूस दुष्ट, असं त्या वगात नव्हतं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत होते, आणि पोरं चालली होती.

त्रेसष्टच्या बुद्धपौर्णिमेला खेळ ठरला. चीनच्या लढाईपासून लागलेल्या आणीबाणीचे दिवस, रात्रीची परवानगी मिळाली नाही, म्हणून दुपारी चारला. वैशाखातलं आमच्याकडचं ऊन आणि बुधाजीच्या अंगात जाड लोकरी कोट. घाम हनुवटीवरून ठिबकत होता आणि तो पोरांना बर्फात पाठवत होता. लोक आधी हसले. पुढं हसेनासे झाले. मंत्र्यानं सही केली तेव्हा समोरच्या बायांनी पदर तोंडाला लावले.

वग संपला. बुधाजी पुढं आला आणि नेहमीसारखं म्हणाला, "कोनाले काई इचाराचं असन तं इचारा."

 मग बायांतून जाईबाई उठली. आमच्याकडं बाया विचारत नसत.

"मंत्रीसायेब," ती म्हणाली, "माह्या श्रावनले भरतीले कोनं नेलं?"

माझी बोटं पेटीवरच राहिली. अख्ख्या गावाला माहीत होतं. श्रावणला अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात यंत्रावर काम मिळत होतं, त्याला ते हवं होतं. बापाला पोराच्या अंगावर वर्दी हवी होती. पण तार आल्यापासून हे कुणी उच्चारलं नव्हतं, त्या दोघांनी तर नाहीच.

बुधाजी कोटातच उभा होता. प्रश्न थट्टेवारी न्यायला जागा होती, लोकांनी नेऊही दिला असता.

"मी," तो म्हणाला. मग थांबताच येईना त्याला. "अमरावतीले छाती मोजली तं अर्धं बोट कमी भरली. सायेब म्हने, पुढल्या साली आना. पोरगं खुश झालं. मी पाह्यलं ना त्याचं तोंड, लय खुश झालं. म्या म्हनलं, सायेब, एक डाव अजून मोजा. अन् त्याले म्हनलं, दम भर."

 जाईबाई माणसांतून वाट काढत पुढं आली. मला वाटलं, आता ही त्याला बोल लावणार, आणि तिचा तो हक्कच होता. तिनं त्याचा हात धरला.

"चाला घरी," ती म्हणाली. "तो येत नाई आता."

पाच महिन्यांत हे ती पहिल्यांदा बोलली. दोघं उन्हातून वस्तीकडं चालू लागली, तो त्या लोकरी कोटातच. आम्ही कुणी जागचे उठलो नाही. मी पेटीवर डोकं टेकवून रडलो, आणि शाळेतली पोरं बघत होती तरी रडलो.