घर नंबर अकरा, खोल्या चौदा

दरेकशाच्या टेसनापासून दोन कोस जंगलात गेलं की पिपरटोला लागायचा. चौदा घरं. त्यातलं सगळ्यात उजळ घर दुर्पताचं. नाल्याच्या दरडीतून छुई, म्हणजे पांढरी माती, खणून आणायची, भिजवायची अन् चिंधीनं भिंत पोतायची, यात तिचा जन्म गेला. भिंतीवर कोंबडीच्या पायाचा डाग दिसला तरी तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

शेजारी बिसराम म्हातारा एकटा. बायको मेल्यापासून त्याच्या भिंतीला कोणाचा हात लागला नव्हता.

"मामा, तुज्या घरात डुक्करबी पाय पुसून बाहेर निंगल," दुर्पता त्याला रोज ऐकवायची.

म्हातारा बिडी ओढत हसायचा. त्याच्याजवळ एकच मोलाची चीज होती, फळ्यांचा दरवाजा. रेल्वेफाटकाची जुनी चौकी मोडली तेव्हा डोक्यावर घेऊन आणलेला. बाकी टोल्यात सगळे बांबूचे तट्टे.

चोपन्न सालच्या आषाढात हिवतापाची टोळी पंप घेऊन आली. घराघरांत भिंतींवर मच्छर मारायचं औषध उडवलं. मग पत्र्याचा ठसा धरून प्रत्येक भिंतीवर गेरूचा नंबर उठवला. बिसरामची भिंत इतकी पोपडली होती की तिच्यावर ठसाच टिकेना. म्हणून त्याचा अकरा नंबर दरवाजावर पडला. जाता जाता टोळीवाले ओरडले, "भिंतीले हात लावू नका!"

लोकांनी ऐकलं. पण महिन्यात पोळा आला. पोळ्याला भिंत पोतली नाही तर बैलांना तोंड काय दाखवायचं? तेरा घरच्या बाया छुई घेऊन बसल्या. दुर्पतानं तर तीन हात दिले. औषध गेलं, नंबरही गेला. घर असं पांढरं झालं की तिनं स्वतःच दोनदा मागं सरून पाहिलं.

भादव्यात ताप आला. तिचा नवरा जंगलू दिवसाआड दुपारी कापायला लागे. कापणंही असं की खाट चालायची. दुपारी भिंतीशी असलेली खाट ताप उतरेपर्यंत दारात येई. दुर्पता ती पुन्हा ओढून जागेवर न्यायची. हप्त्याहप्त्याला जंगलू हलका होत गेला, खाट ओढायला सोपी झाली, अन् याचंच तिला भेव वाटायला लागलं.

मग गोंदियाहून रामलाल बाबू आला. गळ्यात गोळ्यांचा डबा, काखेत रजिस्टर. नंबर पाहायचा, घरातली माणसं मोजायची, आपल्यासमोर गोळी गिळवायची. दुर्पताच्या दारात तो थबकला.

"नंबर कहाँ है, बाई?"

"पोतला जी."

"म्हणजे घर नाही."

"घर नाही? मंग म्या कोठी उभी आहो?"

"ते मला काय माहीत? माझ्याकडे घराचा नंबर आहे. नंबराचं घर दाखवा, गोळी घ्या."

दुर्पता आत धावली, गेरू कालवून आणला अन् बोटानं भिंतीवर नंबरासारख्या दोन उभ्या रेघा ओढल्या. रामलालनं मान हलवली. "हा सरकारी हात नाही. ठसा पाहिजे. टोळी पुढल्या साली येईल."

"पुढल्या साली कोनाले गोळी देशीन? खाटेले?"

रामलाल पुढं गेला. अख्ख्या टोल्यात गोळी मिळाली फक्त बिसरामला, अन् त्याला ताप नव्हताच. त्याची मळकी भिंत औषध धरून बसली होती.

"काऊन वो दुर्पता," म्हातारा कडू तोंड करून म्हणाला, "आता डुक्कर कोन?"

 दुर्पता त्याच्या दरवाजावरच्या अकराकडे पाहत होती.

पुढल्या मंगळवारी रामलालची शेवटची फेरी होती. तो पहिल्या घरी आला. दारात दरवाजा उभा, त्यावर अकरा. चार माणसं गोळ्या गिळून गेली. तो रजिस्टरात लिहीत होता तोवर दोघांनी दरवाजा परसातून उचलून दुसऱ्या घराला लावला. तिथंही अकरा. तिसऱ्या घरी अकरा. चौथ्या घरी रामलालनं चष्मा पुसला. पाचव्या घरी त्यानं पाणी मागितलं. त्यानं एक घर ओलांडलं की मागून धावणाऱ्यांचा दम ऐकू येई, पण त्याच्या रजिस्टरात दम लिहायचा रकाना नव्हता.

दुर्पताचं घर शेवटचं. दरवाजा पोचला, पण उचलणारे दोघंही थकून पडले. टेकू द्यायला कोणी उरलं नाही. तेव्हा जंगलू खाटेवरून उठला अन् दरवाजा मागून धरून उभा राहिला. नेमकी दुपार झाली होती.

रामलाल आला तर दरवाजा धडधड करत होता.

"दरवाजा काऊन कापून राहिला?"

"हिव भरलं जी त्याले," दुर्पता म्हणाली.

"दरवाजाला?"

"दिवसाआड भरते."

रामलालनं डोकं वाकडं करून दरवाजामागं पाहिलं. जंगलू दरवाजाला बिलगून दात वाजवत होता. रामलाल त्याच्याकडे पाहत राहिला, मग टोल्याकडे.

"बाई, खरं सांग. एका घराले दरवाजे किती?"

"दरवाजा एकच आहे, बाबू. घरंच लय आहेत."

रामलाल खाटेवर बसला. त्याच्या कागदात एका नंबराला दोन घरं चालत नव्हती. पण एका घराला खोल्या किती असाव्यात, हे कोणी लिहिलेलं नव्हतं. त्यानं टाक बुडवला अन् लिहिलं: घर नंबर अकरा, खोल्या चौदा, माणसं एकाहत्तर. मधली वाट त्यानं आंगण म्हणून लिहिली अन् नाला न्हाणी म्हणून.

"घरमालक?"

"बिसराम," सगळे म्हणाले.

"एवढं मोठं घर अन् भिंत अशी घाणेरडी?" रामलाल म्हणाला अन् जंगलूच्या हातावर गोळ्या ठेवल्या. पुढल्या महिन्यांच्याही दुर्पताच्या ओटीत टाकून गेला. काही दिवसांनी खाट जागेवर राहायला लागली.

पुढल्या साली टोळी एका घरापुरतं औषध घेऊन आली. तीन खोल्यांतच संपलं. मग दोन दिवस बैलबंडी टेसनावर खेपा घालत राहिली, तेव्हा चौदाही खोल्या झाल्या अन् प्रत्येकीवर ठसा पडला.

पोळा आला. बाया छुई घेऊन बसल्या. दुर्पतानं चुलीमागची वीतभर भिंत पोतली अन् चिंधी पिळून ठेवली. बाकीची भिंत औषधाच्या डागांनी बरबटलेली, मधोमध गेरूचा नंबर. बैल आले, पाहून गेले, काही बोलले नाहीत.

बिसराम बोलला. "काऊन वो पोरी, भिंत अशी काऊन ठेवली?"

"आळशी झाली मी, मामा," दुर्पता म्हणाली. "तुज्या घरात राहून."