मागे बसणारीचे कान

वसईच्या पाचूबंदरहून आम्ही निघालो तेव्हा बंदरावर मासळीचा लिलाव चालू होता. गाडीच्या आवाजाने बायकांनी माना वळवल्या. म्हातारा पुढे, मी मागे, आणि माझ्या मागे दोरीने आवळलेली पिशवी. आमचं लुगडं कासोट्याचं, त्यामुळे मी पुरुषासारखी दोन्ही बाजूंना पाय टाकून बसते.

"वयनी, नवरा-नवरी कुठं चालली गो?" एकीने ओरडून विचारलं.

"हर्णैला."

"बोटीनं?"

"मोटरसायकलनं."

"या वयात पडशील ना!"

"पडले तर तुझ्या घरी जेवायला येनार नाय," मी म्हटलं. सगळ्या हसल्या. म्हातारा हसला नाही. त्याला ऐकूच गेलं नव्हतं.

तोच तर प्रश्न होता. म्हाताऱ्याने तीस वर्षं बोटीवर इंजिन सांभाळलं. बोटीच्या पोटात, इंजिनाला खेटून बसायचं काम. त्या इंजिनाने त्याचे कान खाल्ले, पण हे त्याच्यासमोर कोणी म्हणायचं नाही. बोट विकल्यावर त्याच्याकडे एक मोटरसायकल तेवढी राहिली. जुनी, जड, किक मारताना गुडघ्याचा हिशेब घेणारी. आमचा मुलगा दिनेश म्हणत होता, "बाबांना हॉर्न ऐकू येत नाही, गाडी विकून टाका." म्हातारा म्हणत होता, "माझ्या कानाला काय धाड भरलीय?" महिनाभर जेवताना हेच. शेवटी म्हातारा म्हणाला, "मी हर्णैला जाऊन येतो. धड परत आलो तर पुन्हा हा विषय नाय काढायचा."

हर्णैच का, तर एकदा वादळात त्यांची बोट तिथे आसऱ्याला लागली होती. एका घराने त्यांना आठ दिवस जेवू घातलं. त्या घराला एकदा भेटायचं, हे तो लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून बोलत होता.

दिनेश मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, तू बरोबर जा. आणि आल्यावर मला खरं काय ते सांग. बाबांची बाजू घेऊ नको." मी हो म्हटलं. मला मोटरसायकल आवडत नाही. पण एकट्याला सोडणं बरोबर नव्हतं.

घोडबंदरचा पूल ओलांडला, ठाणं मागे टाकलं. पाट्या मी वाचायच्या आणि त्याच्या खांद्यावरून ओरडून सांगायच्या, असं ठरलं होतं. चौथीपर्यंतची शाळा तेवढी उपयोगाला आली. पनवेलपर्यंत रस्ता म्हणजे नुसती धूळ आणि कंटेनर. पनवेल सुटल्यावर कुठे भाताची खाचरं दिसली, कापून झालेली, कोरडी. आणि तिथेच मला इंजिनातून एक आवाज यायला लागला.

गाडीचा नेहमीचा आवाज मला पाठ आहे. माझ्या लग्नातली चूल मी विसरेन, पण तो नाही विसरणार. हा आवाज वेगळा होता. म्हातारा गाडीचा वेग कमी करायचा तेव्हा खालून डाव्या बाजूने टक-टक-टक. पुन्हा वेग घेतला की बंद.

"आवाज येतो," मी ओरडले.

"काय?"

"आवाज! इंजिनाचा!"

"कसला आवाज? मना नाय येत," तो म्हणाला आणि तसाच पुढे गेला.

वडखळला चहा घेतला. हॉटेलाशेजारी गॅरेज होतं. मी हट्टाने त्याला तिथे नेलं. मेकॅनिक तरुण, केसांना भरपूर तेल, कानावर पेन्सिल. मी त्याला सांगायला लागले, तर तो माझ्याकडे न बघता म्हाताऱ्याला विचारतो, "बोला काका, काय प्रॉब्लेम?"

"प्रॉब्लेम हिला आहे," म्हातारा म्हणाला.

त्या पोराला ते फारच आवडलं. त्याने गाडी जागेवर उभी करून जोरात रेस केली. रेस केल्यावर तो आवाज येत नाही, हे मी दोनदा सांगितलं. त्याने प्लग काढला, कानसून साफ केला, परत बसवला. "आजी, आता मख्खन."

पुढच्या उतारावर पुन्हा टक-टक.

नागोठणं, कोलाड, माणगाव गेलं. वाटेत आंब्यांना मोहोर दाटला होता आणि एका वळणावर तर त्याचा वास एवढा अंगावर आला की डिझेलचा धूरसुद्धा मागे पडला. म्हाताऱ्याने गाडी थांबवली आणि मुद्दाम खोल श्वास घेतला. त्याचं नाक शाबूत आहे.

महाडला मुक्काम केला. लॉजच्या खानावळीत सुरमई मागितली. तुकडा आला तो बर्फातला, चार दिवसांचा. मी वाढप्याला म्हटलं, "हा मासा समुद्र विसरलाय." म्हाताऱ्याने मुकाट्याने खाल्ला. त्याला भूक लागली होती.

सकाळी निघण्याआधी महाडच्या गॅरेजात गेलो. तिथला मेकॅनिक वयाने मोठा होता, पण तऱ्हा तीच. "काकू, जुन्या गाडीला आवाज असतोच. तुमचे गुडघे वाजत नाहीत का?" मी म्हटलं, "वाजतात. पण माझा गुडघा अडला तर मी घाटातून खाली नाही पडत." तो हसला, चेन ताणून दिली आणि ऑइल बदला म्हणाला. गॅरेजवाल्याचं ऑइल बदला म्हणणं आणि आमचं "घे, ताजाच आहे" म्हणणं एकच. मी तीस वर्षं मासळी विकली आहे, मला ते कळतं.

पोलादपूरनंतर कशेडीचा घाट लागला. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली झाडांचे शेंडे. उतार सुरू झाला तसा इंजिनातला आवाज वाढला. आता तो टक-टक नव्हता, ठक-ठक होता. माझं सगळं लक्ष त्या आवाजाकडे, आणि तेवढ्यात मागून हॉर्न आला.

ट्रकचा हॉर्न. एकदा, दोनदा, मग सलग. मी मान वळवली. ट्रक आमच्या अगदी मागे होता, भरलेला. ड्रायव्हरला वेग आवरेना म्हणून त्याने हॉर्न दाबून धरलेला. म्हातारा रस्त्याच्या मधोमध, निवांत. गाडीच्या आरशात माझा खांदा सोडून काही दिसत नाही. मी त्याच्या कानात ओरडले. त्याने मान डोलावली. दिनेश काही बोलला की तो अशीच डोलावतो.

मग मी मूठ वळली आणि त्याच्या पाठीत हाणली. जोरात. तो दचकून डावीकडे गेला, चाक खडीत घसरलं, आणि ट्रक आमच्या उजव्या बाजूने वारा फेकत निघून गेला. ड्रायव्हर काय बोलला ते मला ऐकू आलं. म्हाताऱ्याला नाही, ते बरं झालं.

गाडी उभी राहिली. म्हातारा ट्रककडे बघत होता.

"हॉर्न द्यायला काय झालं होतं त्याला?" तो म्हणाला.

दिनेशला काय सांगायचं ते माझं ठरलं होतं. थोडा वेळ दगडावर बसले, मग पुन्हा गाडीवर बसले. दुसरा उपाय काय होता? घाटात एसटीही थांबत नाही.

खेडच्या अलीकडे भरणे नाक्यावर एक गॅरेज दिसलं. फणसाच्या झाडाखाली पत्र्याची शेड, आत ट्रकचं एक अख्खं इंजिन उघडून ठेवलेलं. मेस्त्री आमच्याच वयाचा, लुंगी गुडघ्याच्या वर खोचलेली. मी म्हटलं, "भाऊ, आवाज येतो. वेग कमी केला की येतो, वाढवला की जातो. डाव्या अंगाला, खाली." आणि गप्प बसले, आता हा काय म्हणतो ते बघायला.

तो म्हणाला, "ताई, तुम्ही गाडी चालवता काय?"

"नाही. मागे बसते."

"मग बरोबर. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्याकडे. मागे बसणारं माणूस ऐकतं."

दोन दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी माझं ऐकलं. त्याने गाडी चालू ठेवली, लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाच्या डाव्या झाकणावर टेकवलं आणि त्याची मूठ कानाला लावली. डोळे मिटले. मग मूठ माझ्याकडे दिली. मी कान लावला. आत कोणीतरी डब्यात सुपारी टाकून हलवत होतं, इतकं स्पष्ट.

मग त्याने म्हाताऱ्याला दिली. म्हाताऱ्याने मूठ कानाला लावली, कपाळाला आठ्या घातल्या आणि मान डोलावली. "हां. थोडासा आहे."

मेस्त्रीने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला कळलं. लुंगीला मूठ पुसली आणि मोठ्याने, तोंड समोर धरून म्हणाला, "दादा, माझा उजवा कान ट्रकच्या कामात गेला. मी काय करतो, मूठ दाताखाली धरतो. आवाज हाडातून येतो. धरून बघा."

म्हाताऱ्याने मूठ दाताखाली धरली. आणि त्याचा चेहरा बदलला. मेस्त्रीने रेस वाढवली, सोडली. वाढवली, सोडली. म्हातारा वाकून, तोंडात ती काळी मूठ धरून, कितीतरी वेळ तसाच उभा. इंजिनाशी आयुष्य घालवलेला माणूस. त्याला आवाजावरून काय बिघडलंय ते लगेच समजलं असणार. आणि दुसरंही समजलं.

त्याने मूठ काढली. ओठाला ग्रीस लागलं होतं.

"कधीपासून येतोय?" त्याने मला विचारलं.

"पनवेलपासून."

"सांगितलं का नाय?"

"चार वेळा सांगितलं."

मेस्त्री हसू दाबायला फणसाकडे तोंड करून उभा राहिला.

"आणि ट्रक?" म्हाताऱ्याने विचारलं. "त्यानं हॉर्न दिला होता?"

"घाटभर दिला."

तो शेडच्या फळीवर जाऊन बसला. झाकण उघडलं तर आतल्या दातेरी चाकाचा नट ढिला झालेला, चाक आसावर डुगडुगत होतं. मेस्त्री म्हणाला, अजून एक घाट आणि दाते तुटून गाडी जागेवर बसली असती. काम दुपारपर्यंत चाललं. मेस्त्रीच्या घरून आम्हाला कुळथाचं पिठलं आणि भाकरी आली. म्हातारा जेवताना त्या उघड्या झाकणाकडे बघत होता.

निघताना गाडीवर बसण्याआधी तो मला म्हणाला, "बोटीवर मला वरचं काय ऐकू यायचं नाय. वर सुकाणू धरलेला तांडेल फळीवर पाय आपटायचा. एक म्हणजे हळू. दोन म्हणजे चालू दे. तीन म्हणजे मागे घे."

"मग?"

"तू पाठीवर मार. एक हळू, दोन चालू दे."

"आणि तीन?"

"गाडीला मागे घ्यायची सोय नाय," तो म्हणाला. "तीन म्हणजे डावीकडे हो. पण घाटातल्यासारखं मारू नको. बरगडी दुखते."

मेस्त्री म्हणाला, "ताई, आता तांडेल तुम्ही."

दापोलीवरून हर्णैला उतरलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं आणि किनाऱ्यावर लिलाव भरला होता. बैलगाड्या थेट पाण्यात जाऊन होड्यांतली मासळी उतरवून घेत होत्या. बैलांच्या पोटाला लाटा लागत होत्या आणि ते कंटाळल्यासारखे उभे. कोळंबी बघून माझा जीव हलला. असा माल वसईच्या बाजारात आता दिसत नाही.

म्हाताऱ्याला मात्र घर सापडेना. या गल्लीतून त्या गल्लीत फिरलो. तो म्हणे, माडांच्या मागे, टेकाडाला लागून. माड सगळीकडेच होते. शेवटी त्याने चपला माझ्या हातात दिल्या, पाण्यात शिरला, गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत, आणि मग समुद्रातल्या किल्ल्याकडे पाठ करून गावाकडे तोंड केलं. त्याच्या डोळ्यांत हे गाव समुद्रातून दिसलेलंच राहिलं होतं. ओळखायलाही समुद्रातच उभं राहावं लागलं.

"ते!" त्याने हात केला.

घरातली म्हातारी केव्हाच वारली होती. सुनेला आम्ही कोण ते समजायला वेळ लागला. पण वादळातल्या आठ दिवसांची गोष्ट तिने सासूकडून ऐकली होती. "म्हणजे इंजिनात हात भाजलेला तो तुम्हीच?" तिने विचारलं. म्हाताऱ्याला ऐकू गेलं नाही. मी त्याच्या मनगटावरचा जुना डाग दाखवला. तिने आम्हाला रात्री ठेवून घेतलं आणि ताजी कोळंबी केली. तिचं कालवण माझ्यापेक्षा बरं होतं. म्हातारा तसं म्हणाला, मी कबूल केलं.

परतीच्या वाटेवर मी त्याच्या पाठीवर किती ठोके मारले ते मोजले नाहीत. कशेडीत तीन-तीन, पेणच्या बाजारात एक-एक. इंजिन साफ चाललं होतं. मोहोराच्या वळणावर तो पुन्हा थांबला. दोन दिवस लागले, पण धड आलो.

घरी दिनेश वाट बघत होता. मला चहासुद्धा घेऊ दिला नाही. "बोल आई."

म्हातारा समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हटलं, "हॉर्न ऐकू येत नाही. कशेडीत ट्रकखाली जाणार होतो. एकट्याने चालवायची नाही."

दिनेशने चावीसाठी हात पुढे केला. म्हाताऱ्याने खिशातून चावी काढली, ती दिनेशच्या हाताशेजारून नेली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"तांडेलाकडं राहू दे," तो म्हणाला.

दिनेशला काही कळलं नाही. त्याला सगळं सांगेपर्यंत चहा गार झाला.

चावी आता माझ्या कनवटीला असते. लोक विचारतात, हर्णै कसं आहे. मी सांगते, चांगलं आहे, कोळंबी उत्तम, घाटातून जपून जा आणि मागे बसलेल्या माणसाचं ऐका. मोटरसायकल मला अजूनही आवडत नाही. कंबर आखडते. पण आता मी नाही बसले तर ती गाडी जागची हलत नाही, आणि हे त्याला माहीत आहे, मलाही.

हे लिहिते आहे तेव्हा तो बाहेर गाडी पुसतोय. आधीच पुसलेली आहे. नंदाखालला केळी बघायला जाऊ म्हणतो. मी म्हटलं आहे, मासे खारवून होऊ देत. अर्धी पाटी बाकी आहे. तो पुसतो, आणि मधूनमधून माझ्या हाताकडे बघतो, किती राहिले ते.