कोंबड्यांसाठी येणारा प्रसादाचा भात

मंडळी, हे मंडळाच्या फलकावर लावतोय, कारण तोंडावर बोलणं मला जमत नाही.

आज सकाळी खुराडं उघडलं, तर आणखी दोन कोंबड्या मेलेल्या. उरलेल्या एकीचे डोळे सुजून मिटलेले. जनावरांच्या डॉक्टरांनी तिची चोच उघडून पाहिली.

"खायला काय घालता?"

"भात. शेजारून येतो, पूजेचा."

"भातानं पोट भरतं अण्णा, रोगाशी झुंजायचं बळ येत नाही. पिवळा मका, हिरवा पाला स्वल्पसुद्धा नाही? मग साधी सर्दीही यांना मारते."

आमच्या गावी कोंबड्या दिवसभर उकिरडा उकरून किडे, पाला खायच्या. इथे शहरात, या मल्लेश्वरमातल्या पिंजऱ्यात आपण घालू तेवढंच. यशवंतपूरच्या बाजारातून आणलेला मका मी घालायचो, पण भातानं पोट भरलेल्या कोंबड्या त्याला चोच लावत नसत. मला ते दिसत होतं. पण प्रसादाला नाही कसं म्हणायचं?

दुपारी शेजारच्या सीताक्का पातेलं घेऊन दारात आल्या. "घ्या अण्णा, तुमच्या कोंबड्यांनाही थोडं पुण्य लागू दे!"

"एकच उरलीय, अक्का. तीही वाचेल असं वाटत नाही."

त्यांचं हसू थांबलं. "मग तिला तरी घाला."

तिचं आता भातानं काय आणि मक्यानं काय, सारखंच. तरीही मी पातेल्याला हात जोडले, एक शीत स्वतःच्या तोंडात टाकलं आणि बाकीचा भात परत दिला.